भोगीला १०० दिवस : कुंडीतून कढईत

कर्वेनगरची गच्ची (५ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. भोगी १३ जानेवारीला आणि आज ५ ऑक्टोबर, म्हणजे बरोबर १०० दिवस हातात आहेत. यंदा भोगीच्या भाजीत पडणाऱ्या जिनसांपैकी निदान निम्म्या तरी गच्चीवरच्या असाव्यात असं मनात घेतलंय. त्यासाठी हा धागा.

गेली सहा वर्षं मी गच्चीवर भाजी लावते. पहिली काही वर्षं दुकानात दिसेल ते बियाणं आणायचे आणि सगळं एकाच रविवारी पेरायचे. डिसेंबरात एका आठवड्यात मेथीच्या दहा जुड्या निघायच्या आणि संक्रांतीला वाफे रिकामे. आता उलटीकडून सुरुवात करते. ताटात काय हवं ते आधी ठरवायचं आणि त्या दिवसापासून मागे मोजत पेरणीची तारीख काढायची.

गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणजे ते याच आठवड्यात पडायला हवं. वांग्याचं बी आता टाकून उपयोग नाही. रोपवाटिकेतून तयार रोप आणलं तर दोन-अडीच महिन्यांत वांगी धरतात. हरभरा आणि पावटा आत्ताच. मटार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात त्याआधीची उष्णता त्याला सोसत नाही. मुळा नोव्हेंबरअखेर, कारण तो ४५ दिवसांत तयार होतो आणि जास्त राहिला तर जून होऊन आत जाळी धरतो. मेथी १३ डिसेंबरच्या आसपास आणि लसूणपात त्यानंतर आठवडाभराने.

मेथी-पालकाचं मात्र भोगीपुरतं बघू नका. दर आठवड्याला एक मूठ बी, एकच ट्रे. चार ट्रे झाले की पहिला पुन्हा मोकळा होतो आणि घरात रोज काहीतरी हिरवं येत राहतं. मला सगळ्यात जास्त फळ या एका सवयीने दिलंय.

मातीचं मिश्रण असं : दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि कुंडीच्या तळाशी चार बोटं सुका पालापाचोळा. गाजर-मुळ्याला ताजं शेणखत अजिबात नको. मुळं फाटे फोडतात आणि केसाळ होतात. त्यांची माती चाळून घ्या, एकही खडा नको, आणि गाजराला निदान एक फूट खोली हवी. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावायचंही नाही. बी जागेवरच पेरायचं आणि नंतर दोन-दोन इंचांवर विरळणी करायची.

तुमच्याकडे काय काय लावताय? आणि थंडीत तुमच्या घरी काय शिजतं तेही लिहा. मला त्याचीही तेवढीच उत्सुकता आहे.

डोंबिवलीची बाल्कनी (५ ऑक्टोबर)

ताई, आमच्या बाल्कनीत सकाळचं जेमतेम तीन तास ऊन येतं, आणि थंडी म्हणावी तशी पडतच नाही. आम्ही काय करावं?

कर्वेनगरची गच्ची (६ ऑक्टोबर)

तीन तासांत फळभाजी धरायची नाही, तिच्या मागे लागू नका. पालेभाजी मात्र छान येईल. मेथी, पालक, लाल माठ, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, कांदापात. कोथिंबिरीचे धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. आठ ते बारा दिवस उगवण दिसत नाही, तेवढ्यात निराश होऊन माती उकरू नका.

वसईकर (६ ऑक्टोबर)

डोंबिवलीकर, तुमच्यासाठी समुद्रमेथी सगळ्यात सोपी. मुंबईच्या बाजारात छोट्या छोट्या जुड्या मिळतात ना, बोटभर उंचीच्या, पांढऱ्या देठांच्या, तीच. समुद्राकाठच्या वाळूत पेरतात म्हणून ते नाव. घरी तीन इंच खोल ट्रे घ्या, तळाला भोकं पाडा, निम्मी वाळू आणि निम्मं गांडूळखत भरा. मेथीदाणे सहा-सात तास भिजवून एकमेकांना चिकटतील इतके दाट पसरा आणि वर अर्धा सेंटिमीटर वाळू. तिसऱ्या दिवशी माती उचलून वर येतात. १० ते १२ दिवसांनी मुळासकट उपटा, मुळं कापून टाका, वाळू जाईपर्यंत चार पाण्यांतून धुवा. बारीक कांदा, लसूण, एक हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. झाकण ठेवायचं नाही, पाच मिनिटांत भाजी होते. ही मेथी फार कडू लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे मुलंही खातात.

डोंबिवलीची बाल्कनी (६ ऑक्टोबर)

आजच दाणे भिजत घातले. 🙏

लातूरची माती (९ ऑक्टोबर)

हरभऱ्याबद्दल थोडं लिहितो. बियाण्याचं पाकीट आणायची गरज नाही, वाणसामानातले गावरान हरभरे उगवतात. रात्रभर भिजवा, दीड-दोन इंच खोल टोका. एका फूटभर कुंडीत चार रोपं पुरे. पाणी कमी. आमच्याकडे रब्बीचा हरभरा जमिनीतल्या ओलीवरच निघतो, कुंडीत रोज पाणी घालणाऱ्यांचा हरभरा मर रोग लागून, म्हणजे उभं रोप वाळून जातो.

रोप वीतभर झालं की शेंडे खुडायचे. खुडलं की फांद्या फुटतात, फांद्या वाढल्या की घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा वाढतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच. पहाटे हरभऱ्याच्या पानावर हात फिरवून बोट चाटून बघा, आंबट लागतं. पानांवरच्या लवेतून आम्ल बाहेर येतं, त्याला आम्ही आंब म्हणतो. पूर्वी रात्री पिकावर धुतलेलं पांढरं फडकं पसरायचे आणि सकाळी दवाबरोबर भिजलेलं ते फडकं पिळून आंब बाटलीत भरून ठेवायचे. पोट दुखलं की थोडी पाण्यात घालून देत. माझ्या आजीच्या फडताळात ती बाटली कायम असायची.

म्हणून हरभऱ्याचा पाला खुडण्याआधी वरून झारी मारू नका. घरचाच आहे, औषध मारलेलं नाही, तर न धुता करा. चव त्या आंबटपणातच आहे. पाला बारीक चिरून, लसणाच्या फोडणीवर वाफवून, वरून ज्वारीचं पीठ भुरभुरायचं.

बामणोदचा (१० ऑक्टोबर)

आमच्या खानदेशात तोच पाला कच्चा खातात, घोळाणा म्हणतात. पाला, कांदा, हिरवी मिरची, मीठ, दाण्याचा कूट, वरून कच्चं तेल. भाकरीशेजारी तेवढंच पुरतं.

निफाडजवळून (२४ ऑक्टोबर)

आमच्याकडे महाराष्ट्रातली सगळ्यात कडक थंडी पडते, पारा ५ अंशांच्या खाली गेलेले दिवस दर दोन-चार वर्षांनी येतात. अशा रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे बागेला पाणी देतात. घरच्या बागेला त्यातलं पाण्याचं तत्त्व लागू पडतं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. म्हणून कडाक्याची थंडी येणार असेल त्या दिवशी दुपारी कुंड्यांना पाणी द्या, पानं कोरडी ठेवा. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवा, ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते. टोमॅटो-मिरचीवर रात्री जुनी सुती साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लॅस्टिक थेट पानांना लागू देऊ नका, लागलं तिथे पान करपतं.

भेंडी, गवार, दोडका थंडीत बसून राहतात. त्यांना खत घालून काही होत नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबा.

अलिबागची सून (२ नोव्हेंबर)

पावटा-वालाबद्दल एक सांगते. माझ्या सासूबाई दसऱ्यानंतरच वाल टोकतात. मी पहिल्या वर्षी जूनमध्ये लावला होता, वेल गच्चीच्या कठड्यावरून शेजारच्यांकडे गेला, पण फूल नाही. जुन्या गावठी जातींना दिवस लहान झाल्याशिवाय फूल येतच नाही. उशिरा लावला की वेल आटोपशीर राहतो आणि लवकर फुलतो.

आणि वालावर मावा येणारच. काळी काळी कोवळ्या शेंड्यांवर बसते ती कीड. घाबरून लगेच फवारू नका. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा. मग चुलीची राख असेल तर सकाळी दव असताना भुरभुरा, दवाने ती चिकटते. तेवढ्यानेही नाही गेली तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब, संध्याकाळी. मात्र मावा असलेल्या फांदीवर काळ्या ठिपक्यांचे लाल भुंगे, म्हणजे लेडीबर्ड दिसले तर काहीच मारू नका. चार-पाच दिवसांत तेच सगळा मावा खातात.

नागपूरची काकू (२८ नोव्हेंबर)

आमच्या संत्र्यांच्या गावात आता सकाळी बोटं वळत नाहीत इतकी थंडी आहे. गच्चीवर एका निळ्या ड्रममध्ये जूनला तुरीचे चार दाणे लावले होते, झाड पाच फूट झालंय आणि शेंगा भरायला लागल्यात. यंदा उशीर झाला, पण पुढच्या पावसाळ्यासाठी लिहून ठेवा : एक ड्रम तुरीला द्या. खर्च शून्य, आणि खाली पडणारी पानं त्याच मातीला खत होतात.

ओल्या तुरीच्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. सोल्यांची आमटी अशी करतात. दोन वाट्या सोले कोरडे किंवा थेंबभर तेलावर भाजायचे, डाग पडेपर्यंत. निम्मे भरड वाटायचे, निम्मे अख्खे ठेवायचे. लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबिरीचे देठ एकत्र ठेचायचे. तेलात मोहरी, ठेचा, मग कांदा, मग भरड, आणि ही भरड तेल सुटेपर्यंत परतायची. इथे घाई केली तर आमटीला कच्चट वास राहतो. मग अख्खे सोले आणि कढत पाणी. १५ मिनिटं उकळू द्या. त्यात एक-दोन छोटी वांगी चिरून घातली तर फारच छान. भातावर घ्या किंवा भाकरी चुरून.

बामणोदचा (२९ नोव्हेंबर)

वांग्याचा विषय निघालाच आहे तर भरीत. आमच्या भागातली हिरवी, लांबट-मोठी, कमी बियांची वांगी त्यासाठीच लावतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, त्या धुराचा वास भरिताला लागतो. शहरात गॅसवर भाजणाऱ्यांनी वांग्याला आधी काट्याने टोचे मारावेत, नाहीतर फुटतं, आणि आच मध्यम ठेवून देठाकडची बाजू नीट शिजेपर्यंत फिरवत राहावं. तीच बाजू कायम कच्ची राहते.

सोलून गर लाकडी बडगीत ठेचायचा. मिक्सर नको, लगदा होतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून ठेचलेला, तळलेले शेंगदाणे, आणि भरपूर कांदापात. फोडणीत पात नुसती दाखवून काढायची, करकरीत राहिली पाहिजे. आमच्याकडे टोमॅटो घालत नाहीत. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून.

कांदापात घरीच लावा. कोंब आलेले कांदे टाकून न देता निम्मे मातीत खोचायचे. तीन-चार आठवडे सोयीने कापत राहा.

न्यू जर्सीतून (३० नोव्हेंबर)

वाचून जीव तिकडे लागला. इथे बाहेरची बाग हिमाने कधीच बसली. बाहेर फक्त लसूण आहे. ऑक्टोबरअखेर पाकळ्या लावल्या, वर अर्धा फूट सुक्या पानांचं आच्छादन घातलं. आता तो हिवाळाभर बर्फाखाली झोपेल आणि जुलैत गड्डे निघतील. थंडी लागल्याशिवाय इथल्या लसणाच्या गड्ड्यात वेगळ्या पाकळ्या धरतच नाहीत. घरात दक्षिणेच्या खिडकीत वसईकरांच्या कृतीने समुद्रमेथी टाकली आहे. दिवस साडेनऊ तासांचाच आहे, त्यामुळे वर एक एलईडी दिवा लावते. १४ दिवस लागले, पण काल पिठल्यात घातली.

बाजरीचं पीठ इथे मिळतं ते कडू लागतं. काय करावं?

जुन्नरकडची (१ डिसेंबर)

बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, म्हणून दळल्यावर पीठ लवकर कडवट होतं. आम्ही आठ-दहा दिवसांपुरतंच दळतो. तुम्ही अख्खी बाजरी आणून घरच्या ग्राइंडरमध्ये दोन भाकऱ्यांपुरती दळा, आणि पीठ उरलंच तर फ्रीजरमध्ये ठेवा. मळताना पाणी चांगलं गरम घ्या आणि एका वेळी एकाच भाकरीचा गोळा तळहाताने रगडा. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नाही, तो रगडूनच आणावा लागतो.

आणि या थंडीत शेंगोळे केले नाहीत तर आमच्याकडे हिवाळा आला असं कुणी मानत नाही! दोन वाट्या हुलग्याचं (कुळथाचं) पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ. लसणाच्या १०-१२ पाकळ्या, जिरं, ओवा, मीठ, तिखट यांचं वाटण करून निम्मं पिठात घालायचं आणि घट्ट मळायचं. तळहाताला तेल लावून करंगळीएवढ्या जाड वळ्या करायच्या, टोकं जुळवून कडी करायची. उरलेलं वाटण फोडणीत, त्यावर सहा वाट्या पाणी. पाणी खळखळ उकळत असतानाच एकेक शेंगोळा सोडायचा. कोमट पाण्यात सोडलात तर विरघळून पिठलं होईल. सोडल्यावर पाच मिनिटं डाव लावायचा नाही. मग मंद आचेवर २० मिनिटं. पिठाने रस्सा आपोआप दाट होतो. वरून लसूणपात, आणि बाजूला कच्चा कांदा.

अलिबागची सून (४ जानेवारी)

वाल भरले! काल शेतावर पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा खडे मीठ आणि ओवा लावून, मधे बटाटे, रताळी, अंडी, आणि केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा शेंगा, तोंडाशी पाला गच्च. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. पाणी एक थेंबही नाही, शेंगांच्या ओलीवरच सगळं शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन लगेच उडालं की पोपटी झाली.

घरी करणाऱ्यांनी जाड बुडाच्या कढईत केळीचं पान अंथरून शेंगा, ओवा, मीठ घालून घट्ट झाकणाखाली मंद आचेवर करून बघा. भांबुर्डीचा वास येणार नाही, तो त्या पाल्याचाच. पण शेंगा चविष्ट होतात.

डोंबिवलीची बाल्कनी (५ जानेवारी)

माझा समुद्रमेथीचा सहावा ट्रे. कोथिंबीर अकराव्या दिवशी उगवली, ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी दहाव्या दिवशी उकरली असती.

कर्वेनगरची गच्ची (१३ जानेवारी)

भोगीच्या शुभेच्छा सगळ्यांना. जेवून उठले आणि आधी इथे लिहायला बसले.

भाजीत घरचं काय पडलं : गाजरं सात, सगळ्यात मोठं वीतभर. वांगी चार. पावट्याचे दाणे दीड वाटी. हरभऱ्याचे सोलाणे (ओले दाणे) मूठभर, अजून बरेच घाटे भरायचेत. मटार फक्त १८ शेंगा, कारण डिसेंबरात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी आली. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं फवारून ती आटोक्यात आणली, पण तोवर फुलं गळाली होती. पुढच्या वर्षी वेल जास्त अंतरावर लावणार, हवा खेळली पाहिजे. मुळा आणि त्याचा पाला कोशिंबिरीत, मेथी खिचडीत. बाहेरून आणले ते ओले शेंगदाणे, बोरं, उसाचे करवे, तीळ आणि बाजरी.

कृती आईचीच. तीळ मंद आचेवर भाजून कूट, तेवढाच दाण्याचा कूट. तेलात मोहरी, हिंग, हळद आणि चमचाभर अख्खे तीळ. आधी पावटा, हरभरा, शेंगदाणे पाण्याचं झाकण ठेवून अर्धे शिजवायचे, मग गाजर, मग मटार, आणि वांगी सगळ्यांत शेवटी, नाहीतर त्यांचा गाळ होतो. काळा मसाला, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. उतरवायच्या पाच मिनिटं आधी कूट, बोरं आणि उसाचे करवे. कूट आधी घातला तर तळाला लागतो. बाजरीच्या भाकरीला तीळ लावले, वर लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी.

सासरे ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी गाजर हातात घेऊन विचारलं, हे आपलं? मग बाकी कशाला हात न लावता आधी ते एक गाजर कच्चंच खाल्लं.

लातूरची माती (१३ जानेवारी)

ताई, डोळे भरून आले वाचून. घाटे राहू द्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते झाडासकट काडीकचऱ्यावर भाजा. हावळा म्हणतो आम्ही त्याला.

नागपूरची काकू (१४ जानेवारी)

तिळगूळ घ्या, गोड बोला. ताई, ओली हळद आली असेल ना तुमच्याकडे? लोणच्यासाठी विचारते.

कर्वेनगरची गच्ची (१८ जानेवारी)

काकू, आली. मेच्या शेवटी दोन ग्रो बॅगमध्ये हळकुंडं लावली होती. श्रावणात त्याच पानांवर पातोळ्या केल्या, आणि आता पानं वाळून आडवी पडली म्हणून काल उकरली. पावणेदोन किलो निघाली. निम्मी किसून लिंबाचा रस, मीठ, आल्याचा कीस आणि मोहरीची फोडणी घालून बरणीत भरली. फोडणी पूर्ण गार करून घाला आणि रस वर तरंगेल इतकं लिंबू पिळा. बरणी फ्रीजमध्ये.

चार चांगले फुटवे राखेत ठेवलेत, मेमध्ये तेच लावणार. पावट्याच्याही दोन वेलांवरच्या शेंगा खुडलेल्या नाहीत, वाळू दिल्या आहेत. बी होईल महिनाभरात. कुणाला हवं असेल तर इथेच सांगा, पाकिटात घालून पाठवते.